हरिश्चंद्रगडाला कधी जावे?

प्रश्न: आम्ही दोघे पन्नाशीचे, मुलगी बारा वर्षांची. जुलैत हरिश्चंद्रगड करायचा बेत आहे. काय तयारी करावी?

उत्तर: आधी बेत पुढे ढकला, ही आग्रहाची विनंती. जुलैत ओढे बघता बघता फुगतात, कातळावर शेवाळ धरते आणि ज्या कोकणकड्यासाठी एवढे चढायचे तो धुक्यात गडप असतो. कड्याची धार कुठे संपते तेही धुक्यात कळत नाही. मला खरी धास्ती त्याचीच वाटते.

सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला जा. सोनकी फुललेली असते, झरे वाहते असतात, हवा बऱ्यापैकी निवळलेली असते. डिसेंबर-जानेवारीही छान, फक्त वर मुक्काम असेल तर गरम कपडे भरपूर हवेत. एप्रिल-मे मात्र नकोच.

वाट पाचनईची धरा. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब आहे, आणि नळीची वाट कसलेल्या गिर्यारोहकांसाठी.

महिनाभर आधीपासून रोज ४० मिनिटे चाला, जिने चढा आणि उतरासुद्धा. पन्नाशीत गुडघे चढताना नव्हे, उतरताना कुरकुरतात. नवे बूट या सरावातच पायात रुळू द्या. गडावर पहिल्यांदा घातलेले बूट हमखास चावतात. माणशी ३ लिटर पाणी, मीठ-साखर, गूळ-शेंगदाणे, विजेरी, शिट्टी घ्या. अत्तर, सेंट लावू नका आणि धूर करू नका, कड्यांवर आग्या मोहोळे असतात. पाचनईतून गावचा वाटाड्या सोबत घ्या, आणि वर मुक्काम नसेल तर अंधारापूर्वी खाली या.