तात्पर्य राहू द्या, शंका विचारू द्या

पालकसभेत अवांतर वाचनाच्या तासाचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "घरी अखंड बडबडते हो, वर्गात मात्र तोंड उघडत नाही." तेव्हा आज थोडं याच विषयावर बोलू या.

'श्यामची आई' तुम्ही वाचलेलं असेल. त्यातली पोहण्याची गोष्ट आठवा. पाण्याला घाबरून श्याम लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीनं मारत पोहायला पाठवते. ही गोष्ट वाचून झाल्यावर "यातून काय शिकलात?" असं विचारलं, की ठरलेले हात वर होतात. धाडसी व्हावं, मोठ्यांचं ऐकावं. दोन मिनिटांत चर्चा संपते. त्याऐवजी "आईनं मारलं ते तुम्हाला पटलं का?" असं विचारून पाहा. कुणी म्हणतं, "मारून भीती जाते का?" कुणी म्हणतं, "पण शेवटी शिकला ना!" मग शोध सुरू होतो : आईनं स्वतः याचं काय कारण दिलंय? पानं उलटली जातात. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ सापडते. आता प्रश्न आणखी अवघड होतो. भीती फक्त श्यामलाच होती, की आईलाही कशाची तरी होती? इथं एकच बरोबर उत्तर नाही. म्हणून तर बोलण्यासारखं काही आहे.

गप्प बसणाऱ्या मुलांकडे सांगण्यासारखं नसतं असं नाही. उत्तर बरोबर हवं, पूर्ण वाक्यात हवं आणि पटकन हवं, हे ती आपल्याकडूनच शिकलेली असतात. ती मनात वाक्य जुळवत असतात, तोवर चर्चा पुढे सरकते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970च्या दशकात वर्गांतल्या संभाषणाचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. घरी आपण तरी किती थांबतो? "अगं, बोल ना," म्हणतो आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो.

'तोत्तोचान' हे पुस्तक अनेक घरांत आहे. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे ते मराठी मुलांपर्यंत पोहोचलं. त्यातले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत छोट्या तोत्तोचानचं बोलणं चार तास ऐकून घेतात. त्यांच्या शाळेत जेवणाच्या वेळी एका मुलानं सगळ्यांपुढं बोलायचं असतं. एक मुलगा म्हणतो, माझ्याकडे काही नाहीच. कोबायाशी त्याला ना रागावत, ना वाक्यं पुरवत. सकाळी उठल्यापासून काय केलंस, एवढंच विचारत, एकेक अडखळता शब्द उचलून धरत ते त्याला पुढे नेतात. शेवटी टाळ्या पडतात, त्या त्या मुलाच्या स्वतःच्या साध्या वाक्यांना.

घरी एवढंच करायचं. ब्रिटिश लेखक एडन चेंबर्स यांनी पुस्तकावर बोलण्यासाठी सुचवलेले चार साधे प्रश्न उपयोगी पडतात : काय आवडलं? काय नाही आवडलं? काय कळलं नाही? कुठं काही जुळणारं, पुन्हा पुन्हा येणारं दिसलं? यातला तिसरा सगळ्यांत मोलाचा. "मला हे कळलं नाही," एवढं म्हणणं हाही चर्चेतला सहभागच आहे. लाजऱ्या मुलानं आधी तेवढंच म्हणावं. पुस्तकात पेन्सिलीची खूण करायची नसेल, तर अडलेल्या पानावर कागदाची चिठ्ठी ठेवू द्या. हातात पान असलं, की बोलायला धीर येतो. मात्र मुद्दे तुम्ही लिहून देऊन पाठ करून घेऊ नका. पाठ केलेलं बोलणारं मूल दुसऱ्याचं ऐकत नाही, आपली पाळी कधी येते तेवढंच पाहतं.

आणखी एक, जरा स्पष्टच सांगते. "मला नाही पटलं" हे घरी उलट उत्तर ठरत असेल, तर वर्गात ते तोंडातून निघणार कसं? फक्त त्याला "का?" जोडायला शिकवा. "पुस्तकात कुठं तसं आहे?" हा प्रश्न मुलांना विचारा आणि त्यांनी तुम्हाला विचारला तर चिडू नका.

ज्यांची मुलं भरपूर बोलतात, त्यांनीही निश्चिंत राहू नये. सगळ्यांआधी हात वर करणाऱ्याला थांबणं शिकावं लागतं, "ती म्हणाली त्याला जोडून सांगतो" हे शिकावं लागतं. म्हणून संध्याकाळी "आज किती वेळा बोललीस?" असं मोजू नका. "आज कुणाचं बोलणं ऐकून तुझं मत बदललं?" असं विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर तेवढं थांबा.