रक्तदाब आणि दंडाचा पट्टा

एखाद्या शिंप्याने सगळ्या वर्गासाठी एकाच मापाचे सदरे शिवले, तर काय गंमत उडेल हे सांगावयास नको. पण न बसणारा सदरा निदान डोळ्यांना दिसतो. रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला तोकडा वा ढगळ झाला, तर त्याची चूक आकड्यात लपून बसते. म्हणून या साध्या वाटणाऱ्या पट्ट्याचा आपण थोडा विचार करू.

स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोड्याच्या रोहिणीत नळी बसवून रक्ताचा दाब पाहिला व ते प्रयोग १७३३ मध्ये प्रसिद्ध केले. माणसावर असा प्रयोग नित्य कोण करील? १८९६ मध्ये इटलीतील रिव्हा-रोची याने दंडाभोवती हवेने फुगणारा पट्टा बांधून ही अडचण दूर केली. मात्र त्याचा पट्टा जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता. अशा अरुंद पट्ट्याने दाब वास्तवापेक्षा अधिक भरतो, हे १९०१ मध्ये फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन वैद्याने दाखविले. पुढे १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह याने श्रवणनलिकेने रोहिणीतील नाद ऐकण्याची रीत घालून दिली.

अरुंद पट्टा अधिक दाब का दाखवितो? गादीखाली एक मऊ रबरी नळी आहे अशी कल्पना करा. ती वरून एका बोटाने दाबली, तर बराचसा जोर गादीतच जिरतो. नळी बंद होण्यास फार रेटावे लागते. तीच रुंद फळीने दाबली, तर जोर खोलवर पोहोचतो. दंडातील रोहिणीही अशीच मांसाखाली दडलेली असते. पट्टा तोकडा असला की त्यात जादा हवा भरावी लागते आणि तो जादा जोर रक्तदाब म्हणून नोंदला जातो. पट्टा फार मोठा असला, तर याच्या उलट घडून आकडा कमी येतो.

यासाठी नियम असा : पट्ट्यातील रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के व लांबी सुमारे ८० टक्के असावी. घेर ३० सेंटिमीटर असेल, तर पिशवी १२ सेंटिमीटर रुंद व २४ सेंटिमीटर लांब हवी. २० सेंटिमीटर घेराच्या बालकाला ८ व १६ पुरे.

यंत्र स्वयंचलित असले तरी हा नियम सुटत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत १९५ प्रौढांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांना नेहमीचा मध्यम पट्टा बांधला असता, लहान पट्टा लागणाऱ्यांचा वरचा दाब सरासरी ३.६ मिलिमीटरने कमी भरला. मोठा पट्टा लागणाऱ्यांचा ४.८ने, तर सर्वांत मोठा लागणाऱ्यांचा तब्बल १९.५ मिलिमीटरने अधिक भरला.

हा नुसता अंकगणिताचा खेळ नव्हे. जाड दंडाच्या निरोगी मनुष्यावर चुकीच्या आकड्यामुळे नको असलेले औषध लादले जाईल. उलट, कृश वृद्धेचा १४२ असलेला दाब १३८ भरला, तर तिला निर्धास्तपणे घरी धाडले जाईल आणि रोग आतल्या आत हृदय, मेंदू व मूत्रपिंडे पोखरीत राहील.

विद्यार्थिमित्रहो, यात तुम्हांला करता येण्याजोगे काम आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या खांद्याचे हाड व कोपर यांच्या बरोबर मध्यावर शिंप्याची फीत गुंडाळून दंडाचा घेर मोजा व तो लिहून ठेवा. तपासणीच्या वेळी तो आकडा सांगून, "या दंडाला हा पट्टा योग्य आहे ना?" असे नम्रपणे विचारावे. जाणता वैद्य या प्रश्नाने रागावणार नाही. अचूक मापनाचा आग्रह धरणे हीच शास्त्राच्या अभ्यासाची पहिली पायरी होय.