खेळ लावताच संगणक पुन्हा सुरू का होतो?

वसतिगृहातील एका मित्राचा संगणक टंकलेखन, चित्रपट सारे बिनतक्रार करी. खेळ लावला की पाचव्या मिनिटाला पडदा काळा होऊन पुन्हा सुरू होई. शिकवण्या करून जमविलेल्या पैशांतून त्याने नवे ग्राफिक्स कार्ड आणले. दुखणे तसेच!

वास्तविक आधी विंडोजमधील आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय बंद करावयास हवी होती. त्यानंतर निळा पडदा दिसल्यास ड्रायव्हर वा रॅम तपासावी; तो न दिसताच संगणक पुन्हा सुरू झाल्यास पॉवर सप्लायकडे वळावे. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद संगणक नीट बंद झाला नाही एवढेच सांगते, कारण नव्हे.

खेळात कार्डाची मागणी क्षणात उसळते. सरासरी वॅट पुरेसे असूनही दुबळ्या सप्लायचा १२ व्होल्टचा दाब ढासळतो. ही घसरण इतकी क्षणिक, की साध्या मीटरला दिसतही नाही. खेळाची चित्रगती सेकंदाला ६० वर बांधून पाहावी. त्रास थांबला तर संशय बळावतो. सप्लायची पेटी मात्र उघडू नये, आतील कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

शेवटी शेजारच्या खोलीतून ६५० वॅटचा सप्लाय, त्याच्याच वायरींसह, उसना आणला. जुनेच कार्ड बसविले. खेळ तीन तास चालला.