'किल -9' मारलं तर काय बिघडतं?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर लिनक्सवर चालतो, डेटाबेस पोस्टग्रेसचा. रात्री देखभालीसाठी तो बंद करायला साधं 'किल' दिलं, तर कधी कधी बराच वेळ तो बंदच होत नाही. मग सिस्टिम सांभाळणारे 'किल -9' मारून घरी जातात. यात धोका आहे का?
— एक वाचक, राहुरी (जि. अहिल्यानगर)

उत्तर : आहे. आणि गंमत म्हणजे तुमचा डेटाबेस बहुधा अडकलेला नसतोच. नुसत्या 'किल'ने 15 क्रमांकाचा 'टर्म' सिग्नल जातो. 'आता आवरा' अशी ती विनंती. ती कशी मानायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. पोस्टग्रेस नव्या कुणाला आत घेत नाही, पण जोडलेले लोक आपणहून जाईपर्यंत थांबतो. एखाद्या शाखेतल्या रोखपालाने संगणक चालूच ठेवला असेल, तर सकाळ उजाडेल.

तुम्हाला हवा आहे 2 क्रमांकाचा 'इंट'. त्याने पोस्टग्रेस सगळ्यांची जोडणी तोडतो, अर्धवट व्यवहार रद्द करतो आणि नीट बंद होतो. 'पीजी-सीटीएल स्टॉप' ही आज्ञा 2016 साली आलेल्या 9.5 आवृत्तीपासून मुळातच असं करते, तेव्हा हाताने सिग्नल द्यायची गरजही नाही. 3 क्रमांकाचा 'क्विट' याहून कडक : आवराआवर न करताच बंद, दुरुस्ती पुढच्या वेळी सुरू होताना. एनजिनएक्समध्ये मात्र 'क्विट' सौम्य आणि 'टर्म' झटपट! एका सेवेची सवय दुसरीला लावू नये ती यासाठी.

9 क्रमांकाचा सिग्नल प्रोसेसला अडवता येत नाही. कर्नेल तिला परस्पर संपवतं. कमिट झालेले व्यवहार पोस्टग्रेसच्या लॉगमुळे सहसा वाचतात, हे मान्य. पण मुख्य प्रोसेसला आपल्या उपप्रोसेसना निरोप द्यायला सवड मिळत नाही, आणि त्यांतल्या काही मागे जिवंत राहू शकतात. मग डेटाबेस पुन्हा सुरू होईना म्हणून कुणीतरी 'पोस्टमास्टर डॉट पीआयडी' ही फाइल पुसतो, आणि एकाच डेटावर जुन्या-नव्या दोन्ही प्रोसेस लिहू लागतात. खाती बिघडतात ती इथे.

सिस्टिमडीमार्फत बंद करत असाल, तर तेही वेगळं काही सांगितलं नसेल तर 'टर्म' देऊन 90 सेकंद थांबतं आणि मग स्वतःच 9 मारतं. म्हणून युनिट फाइलमध्ये 'इंट' नेमलाय का, वेळमर्यादा पुरेशी आहे का, हे एकदा पाहा. आणि 9 नेही न मरणारी प्रोसेस दिसलीच, तर ती बहुधा डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबलेली असते. तिला आणखी सिग्नल देत बसू नका, डिस्क आणि केबल तपासा.