सुटीतील एक वही



वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन तुम्ही शाळेच्या फाटकाबाहेर पडता, तेव्हा तुमच्या पावलांस जी गती येते ती वर्षभरात एरवी क्वचितच दिसते. ती पाहून आम्हां शिक्षकांसही आनंद होतो; कारण एके काळी आम्हीही असेच धावलो आहोत. सुटी विश्रांतीसाठी आहे. तीत मनसोक्त खेळावे, पोहावे, आंबे खावे, झोपही घ्यावी; याविषयी माझी तक्रार नाही. परंतु चार-आठ दिवसांत हा उत्साह ओसरतो आणि "आता काय करू?" हा प्रश्न घरोघर ऐकू येऊ लागतो. त्यावर कित्येक पालक शिकवणीच्या वर्गाचा उपाय योजतात, तर कित्येक मुले मोबाइलच्या पडद्यासमोर दिवस घालवितात. पहिल्या उपायाने सुटीची शाळा होते, दुसऱ्याने सुटीची माती होते. या दोहोंहून निराळा, जवळजवळ बिनखर्चाचा, असा एक उद्योग आज तुम्हांस सुचवावा असे मनात आहे.

तो उद्योग असा : एक कोरी वही घ्यावी, घरातील किंवा शेजारची एखादी वृद्ध व्यक्ती गाठावी, आणि तिला जे ठाऊक आहे ते रोज अर्धा तास विचारून लिहून घ्यावे.

"यात विशेष ते काय?" असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मी माझ्याच एका चुकीने देतो. माझी आजी गोदाकाठच्या एका खेड्यात राहत असे. तिला अक्षरओळख नव्हती. परंतु जात्यावरच्या ओव्या तिला इतक्या येत की, एक संपण्यापूर्वीच दुसरी तिच्या ओठांवर उभी असे. गावात विजेची गिरणी येऊन पुष्कळ वर्षे झाली होती. तरी नाताळाच्या फराळाची डाळ ती घरच्या जात्यावरच भरडी. मी पदवीच्या वर्गात असताना एका उन्हाळ्यात महिनाभर तिच्याकडे राहिलो. माझ्या पिशवीत कोऱ्या वह्या होत्या. एके दिवशी ती म्हणाली, "लिहून घे रे बाबा, मी काय जन्माला पुरणार आहे?" मी म्हणालो, "दिवाळीच्या सुटीत घेतो," आणि हातातील कादंबरी पुढे वाचू लागलो. त्याच पावसाळ्यात आजी गेली. आज तिच्या ओव्यांची चाल मला आठवते, शब्द आठवत नाहीत. आणि त्या कादंबरीचे तर नावही आठवत नाही. छापील पुस्तक हरवले तर त्याची दुसरी प्रत मिळते. माणसाबरोबर गेलेले ज्ञान कोठेही विकत मिळत नाही.

लोकांच्या तोंडून ऐकून लिहून घेणे हे काम क्षुल्लक नव्हे. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम छापला गेला, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातील शब्द सुमारे साठ हजारांवर गेले. शेतातले, बाजारातले, घरातले असंख्य शब्द त्या कोशात आहेत. ते जमविणाऱ्यांनी कान उघडे ठेविले नसते, तर त्यांतील कित्येक आज आपणांस ठाऊकही नसते. अलीकडच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. ज्या स्त्रियांनी त्या सांगितल्या त्यांतील पुष्कळजणींना लिहितावाचता येत नव्हते. माझ्या आजीसारख्याच त्या!

आता ही वही कशी लिहावी ते सांगतो. प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव घालावे. लिहून घेण्यापूर्वी त्यांची परवानगी विचारावी, आणि जे लिहू नको म्हणतील ते लिहू नये. त्यांचा शब्द जसा कानी पडेल तसाच लिहावा. आजी "व्हतं" म्हणाली तर तेथे "होते" असे दुरुस्त करू नये. तुम्ही त्यांची परीक्षा घ्यावयास बसलेले नाही. अर्थ न कळल्यास लागलीच विचारावा. मोबाइलवर आवाज मुद्रित करून ठेविल्यास उत्तमच. त्या यंत्राचा इतका चांगला उपयोग दुसरा क्वचितच असेल. परंतु ऐकलेले त्याच दिवशी वहीत उतरले पाहिजे. उद्यावर टाकलेले काम दिवाळीवर जाते, हे मी वर सांगितलेच आहे.

याशिवाय आणखी एक नियम आहे : ऐकलेले आणि स्वतः पाहिलेले यांची सरमिसळ करू नये. प्रख्यात पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास, मुंबईतील खेतवाडीच्या घरच्या तबेल्यात घरटे केलेल्या चिमण्यांविषयी एक टिपण लिहिले होते. त्यात त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिले तेच नमूद केले. पुढे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ते बालपणीचे टिपण दिले आहे. दहा वर्षांच्या मुलाची नोंद, पण खरी असल्यामुळे ती टिकली. तुमचे आजोबा म्हणतील की, बहावा फुलला म्हणजे अमुक दिवसांनी पाऊस येतो. ते तसेच लिहावे. मग बहावा फुलल्याची तारीख आणि पहिल्या पावसाची तारीख स्वतः पाहून शेजारच्या पानावर मांडावी. चार वर्षे असे केल्यास आजोबांचे अनुमान कितपत उतरते हे तुम्हांसच सांगता येईल.

विचारावे काय, ही अडचण पडल्यास मापांपासून प्रारंभ करावा. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी हे पुष्कळांस माहीत असते. परंतु किती पायल्यांचा मण, याचे उत्तर निरनिराळ्या भागांत निरनिराळे मिळेल. तुमच्या गावचे कोणते? १९५७ साली दशमान नाणी आली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयास चौसष्ट पैसे, हा हिशोब बाजारात तोंडी कसा करीत? शेतांना आणि विहिरींना कोणती नावे आहेत, व ती का पडली? पाभरीचे आणि मोटेचे निरनिराळे भाग कोणते? आजारी माणसास कोणती पेज देत? लग्नात कोणती गाणी म्हणत?

यातून इतिहासही शिकता येतो. वृद्ध माणसे सालाने बोलत नाहीत, प्रसंगाने बोलतात. पुण्याची एखादी आजी म्हणेल, "पानशेत फुटलं तेव्हा माझा धाकटा भाऊ रांगत होता." पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हा रांगणारे मूल १९६० सालच्या उत्तरार्धात जन्मलेले असावे, असे अनुमान निघते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. मोठा दुष्काळ १९७२ चा. या तारखा पुस्तकात आहेत. परंतु त्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेल्या तुमच्या आजीच्या हातांस किती घट्टे पडले होते, हे पुस्तकात नाही. ते तुमच्याच वहीत यावयाचे आहे.

ज्यांना गावी जाणे शक्य नाही त्यांनी खंती होऊ नये. शहरातही गिरणीत काम केलेले आजोबा, मासळी विकणाऱ्या मावशी, जुने शिंपी, निवृत्त टपालवाले जवळपास भेटतील. मात्र नवख्या माणसाकडे जाताना घरचे वडीलधारे माणूस बरोबर असावे.

पालकांसही नम्र विनंती आहे. या वहीस गुण मिळणार नाहीत. म्हणून ती निरुपयोगी समजू नये. मुलगा आजोबांपाशी बसला तर "वेळ दवडतोस" असे म्हणू नये. तो ऐकावयास, नेमके प्रश्न विचारावयास आणि शुद्ध अंतःकरणाने लिहावयास शिकत आहे; निबंधाची याहून चांगली तालीम आमच्या वर्गातही होत नाही. शिवाय ज्या वृद्धाचे बोलणे घरात कोणी ऐकत नाही, त्याच्यासमोर नातू वही घेऊन बसला म्हणजे त्याच्या मुखावर जे समाधान उमटते, ते आपणही एकदा पाहावे.

रोज एक पान लिहिले तर चाळीस दिवसांत चाळीस पाने होतात. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ती वही मला आणून दाखवा. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल, शाई सांडलेली असली तरी चालेल. पण एवढे मात्र करा : "दिवाळीच्या सुटीत घेतो" असे कोणासही म्हणू नका.