एचआयव्हीबाधितांचे आरोग्य आणि घरातील पाणी

एचआयव्हीबाधितांच्या उपचारात आपले लक्ष प्रामुख्याने औषधांकडे असते व ते योग्यच आहे. १ एप्रिल २००४ पासून भारत शासनाने एआरटी औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला आणि या आजाराचे रूपच पालटले. परंतु रुग्ण ती गोळी ज्या पाण्याबरोबर घेतो, त्या पाण्याची चौकशी आपण क्वचितच करतो.

क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे होणारा अतिसार सुदृढ व्यक्तीत दोन-तीन आठवड्यांत आपोआप थांबतो. सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेलेल्या रुग्णात मात्र तो महिनोन्‌महिने टिकू शकतो. वजन घटते आणि पोटात गेलेले औषधही नीट शोषले जात नाही. या परजीवीचे कवच नेहमीच्या प्रमाणातील क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे ४ लाख लोकांना त्याची बाधा झाली. मृतांमध्ये बहुसंख्य एड्सचे रुग्ण होते. म्हणून अशा रुग्णाने पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळूनच प्यावे.

याचा अर्थ क्लोरीन निरुपयोगी, असा नव्हे. बहुतेक जिवाणू व विषाणू त्याने नष्ट होतात. युगांडाच्या ग्रामीण भागातील एचआयव्हीबाधितांना क्लोरीनचे द्रावण आणि अरुंद तोंडाचे, तोटीचे भांडे दिले असता अतिसाराचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

नळाला दिवसाआड पाणी येते तेथे साठवण अटळ असते. म्हणून रुग्णास तीन प्रश्न अवश्य विचारावेत: पाणी कोठून आणता? ते कशात साठवता व कशाने काढता? शौचालय किती दूर आहे? अतिसाराने क्षीण झालेल्या रुग्णास रात्री दूरवर जावे लागणे हीदेखील एक व्याधीच होय. शुश्रूषा करणाऱ्यांनी साबणाने हात धुवावेत. जलसंजीवनीही उकळून गार केलेल्या पाण्यातच करावी.

शेवटी एक गोष्ट समाजासाठी. सामायिक नळ, भांडी वा शौचालय यांतून एचआयव्ही पसरत नाही. बाधितांना सार्वजनिक सोयी नाकारणे हा २०१७ च्या कायद्यान्वये निषिद्ध भेदभाव आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नळावरून परत पाठविलेला रुग्ण अखेर डबक्याकडे वळतो. त्याला पाण्यापासून दूर सारणे म्हणजे त्याच्या औषधाचा गुण हिरावून घेणेच होय.