पोटालाही सराव लागतो

नगरची हवा सायकलस्वाराला फसवते. पर्जन्यछायेतल्या या भागात घाम अंगावर फारसा दिसतच नाही. चांदबीबी महालाची चढण चढून वर आलेल्याचा शर्ट जवळपास कोरडा असतो. काळ्या कापडावर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे उमटलेले असतात. घाम सुटताच उडून जातो, अंग गार राहतं आणि आपल्याला फार घाम आला नाही, अशी समजूत होऊन बसते. वर्षभर करंजी घाट आणि वांबोरी घाट पालथे घालणारा हौशी खेळाडू मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर स्पर्धेसाठी उभा राहतो. पाय तयार असतात. खाण्यापिण्याचा हिशेब मात्र कोरड्या हवेतलाच असतो.

गोव्यात २०१९ पासून होणारी ही स्पर्धा म्हणजे 'आयर्नमॅन ७०.३'. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं, सगळं सलग. पूर्ण आयर्नमॅनमध्ये ही तिन्ही अंतरं दुप्पट होतात. नगरमध्ये पोलीस अधीक्षक राहिलेले कृष्णप्रकाश यांनी २०१७ मध्ये फ्रान्समध्ये पूर्ण आयर्नमॅन पार केली, तेव्हा जिल्ह्यातल्या अनेकांना या खेळाची ओळख झाली.

सराव म्हटलं की बहुतेकांच्या वहीत किलोमीटर लिहिलेले असतात. तासाला किती ग्रॅम साखर पोटात गेली, हे क्वचितच. चाळिशीतल्या एका नगरकर शिक्षकाचंही गोव्यात तसंच झालं. पोहणं वेळेत उरकलं, सायकलही झकास सुरू झाली. ओआरएसच्या दोन बाटल्या बरोबर होत्या आणि प्रत्येक मदत केंद्रावर तो साधं पाणी घेत होता. समुद्राचे खारे घोट पोटात गेल्यामुळे खायची इच्छाच नव्हती. सत्तराव्या किलोमीटरनंतर पोटात पाणी डुचमळू लागलं, डोकं जड झालं. धावताना बोटातली अंगठी घट्ट झाल्याचं त्याला जाणवलं. कोणीतरी साखरेचं एनर्जी जेल दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच घेतलेलं ते जेल लगेच उलटून पडलं. स्पर्धा वैद्यकीय तंबूत संपली.

इथे दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या सुट्या करून बघायला हव्यात, कारण दोन्हींवरचा उपाय एक नाही.

पहिली चूक इंधनाची. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदकं साठवतात, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. सहा-सात तासांच्या श्रमाला त्याहून बरंच जास्त लागतं. ओआरएस ही उणीव भरून काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं फक्त १३.५ ग्रॅम. ते जुलाबातली पाणी-क्षारांची झीज भरून काढण्यासाठी बनवलेलं आहे. त्याला जेवण समजणारा अर्धपोटीच सायकल मारत असतो.

साठा संपला की काय होतं, ते फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईतल्या आयर्नमॅनला जगाने टीव्हीवर पाहिलं. महिलांमध्ये आघाडीवर असलेली ज्युली मॉस अंतिम रेषेच्या अगदी जवळ कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून गेली आणि ज्युलीने उरलेलं अंतर रांगत पार केलं. जिद्दीची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, आणि ती जिद्द होतीच. पण नवख्याने तिच्यातून आधी रिकाम्या टाकीचा धडा घ्यावा. १९७८ च्या अगदी पहिल्या आयर्नमॅनमध्येही धावणं सुरू होताना पुढे असलेल्या जॉन डनबारच्या साथीदारांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर दिली. तो दुसरा आला; बरोबरच्या साठ्याचा हिशेब चुकला की असं होतं.

दुसरी चूक मिठाची. नुसतं पाणी गरजेपेक्षा जास्त पीत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि त्याचा सर्वांत ठळक संबंध धावताना वजन वाढण्याशी होता. बोटं सुजणं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली की अजून पाणी पाजणारा मित्र नकळत घात करतो. अशा वेळी थेट डॉक्टरांकडे जावं.

किती प्यायचं, हे घरचा वजनकाटा सांगतो. तासभर सायकल चालवण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करावं; एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम, त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवायचं. हा प्रयोग नगरच्या एप्रिलमध्ये करावा आणि गोव्यात पोचल्यावर पुन्हा करावा. दमट हवेत घाम उडत नाही, नुसता निथळतो. अंग थंड होत नाही आणि नाडी वर जाते. शरीर उष्म्याला सरावायला दहा ते चौदा दिवस घेतं. तेवढी रजा नोकरदाराला कुठून मिळणार? म्हणून आधीचे दोन आठवडे घरात जागच्या जागी चालणाऱ्या सायकल-ट्रेनरवर, पंखा बंद ठेवून, थोडा थोडा सराव करावा. घरातलं कोणीतरी जवळ हवं.

आता खाण्याचं. नुसतं ग्लुकोज आतडी तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषतात. फ्रुक्टोज दुसऱ्या वाटेने जातं, म्हणून दोन्ही मिळून सरावलेल्या पोटाला ९० ग्रॅमपर्यंत झेपतं. आपली साखर म्हणजे हीच निम्मी-निम्मी जोडी. आणि नगर तर साखरेचा जिल्हा, प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा! परदेशी जेल परवडत नाही म्हणून हा खेळ सोडायचं कारण नाही. पाऊण लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू, इतक्यात तासाची बाटली होते. गूळही चालतो, पण गाळून घ्यावा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये.

मात्र पहिल्याच दिवशी ६० ग्रॅम ओतले तर पोट बंड करणारच. रविवारच्या लांब सायकलिंगला तासाला ३० ग्रॅमपासून सुरुवात करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवत न्यावं. घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लावावा. भूक लागायची वाट पाहू नये. बाजरीची भाकरी आणि उसळ इतर दिवशी उत्तम, पण स्पर्धेच्या आदल्या रात्री तंतुमय जड जेवण टाळून मऊ भात खावा. सकाळी तीन तास आधी पोहे-केळं खायचं असेल, तर तेच महिनाभर प्रत्येक लांब सरावाआधी खाल्लेलं असावं.

बहुतेक खाणं सायकलवरच उरकावं, कारण धावताना पोट हिंदकळतं आणि फार काही आत राहत नाही. तिथे केळ्याचे तुकडे, कोलाचे घोट एवढ्यावर भागवावं लागतं. मदत केंद्रांवर कोणतं पेय आणि कोणतं जेल मिळणार, हे आयोजक खेळाडूंना आधी कळवतात. ते निदान महिनाभर आधी विकत आणून करंजी घाटात, भर उन्हात पिऊन पाहावं.